लव्हाळा ओळखा

पावसाळा सरत येतो. नदीचे पाणी पुन्हा पात्रात जाते. अशा वेळी काठावर जाऊन पाहा. कुठे बाभूळ आडवी झालेली असते. कुठे दरड ढासळलेली असते. झुडपांना काडीकचरा लटकलेला असतो. आणि त्या सगळ्या चिखलात एक हिरवी वनस्पती मात्र ताठ उभी असते. चार दिवसांपूर्वी ती पाण्याखाली होती, हे सांगूनही खरे वाटत नाही. तिचे नाव लव्हाळा.

लव्हाळ्याचे नाव आपल्याला नवे नाही. लहानपणाचे मोठेपण सांगताना तुकोबांनी महापुराचा आणि लव्हाळ्याचा दाखला दिला. तेव्हापासून हे नाव घरोघर पोचले आहे. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि झाड ओळखणे वेगळे. गवतात उभा असलेला लव्हाळा बाजूला काढून दाखवा म्हटले, तर पुष्कळ जण घुटमळतात. "अहो, गवतच ते! त्यात काय ओळखायचं?" असे म्हणतात.

पण लव्हाळा हे गवत नव्हे. ही गोष्ट दिसायला लहान आहे. तिच्यावर शेतकऱ्याची मजुरी आणि पीक अवलंबून असते. गवत काढण्याची रीत निराळी, लव्हाळा काढण्याची रीत निराळी. आणि काही जागी तर त्याला हात न लावणेच शहाणपणाचे. म्हणून आधी ओळख, मग खुरपे.

दोन कुळे

आपली हरळी घ्या. भात घ्या. जोंधळा, बाजरी, गहू घ्या. ऊस घ्या, बांबू घ्या. ही सगळी एका कुळातली मंडळी आहेत. ते गवताचे कूळ. बांबू इतका उंच, पण तोही गवतच.

लव्हाळ्याचे कूळ निराळे आहे. या कुळात जगभर पाच हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेकांना ओल आवडते. नदीकाठ, ओढ्याची कड, तळ्याची कड, भाताचे खाचर, धरणाच्या पाण्याचा काठ ही त्यांची घरे. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात पाणी साचते. दिवाळीनंतर ते आटते. त्या पाणथळीतही लव्हाळ्याच्या जाती उगवतात. हिमालयासारख्या थंड डोंगरांत बर्फ वितळले, की तळी भरतात आणि मग हळूहळू उतरतात. त्या तळ्यांच्या काठीही याच कुळातल्या वनस्पती असतात. जिथे पाणी काही महिने येते आणि काही महिने जाते, तिथे लव्हाळ्याचे भाऊबंद हटकून सापडतात.

आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचा लव्हाळा म्हणजे मोथा. कुणी त्याला नागरमोथा म्हणतात. तो वीत-दोन वीत उंच असतो. काठावरचे दुसरे लव्हाळे कमरेएवढे किंवा त्याहूनही उंच वाढतात.

हाताने ओळखा

लव्हाळा ओळखायला चष्मा नको, यंत्र नको. दोन बोटे पुरतात. खुणा चार आहेत. एकेक करून पाहू.

पहिली खूण दांड्याची. ज्या दांड्यावर तुरा आला आहे तो दांडा खालून तोडा. अंगठा आणि पहिले बोट यांच्यात धरून फिरवा. गवताचा दांडा गोल असतो. तो बोटांत सहज फिरतो. लव्हाळ्याचा दांडा फिरवताना बोटांना कडा लागतात. मोजा. कडा तीन भरतील. आता दांडा विळ्याने आडवा कापा. कापलेले तोंड तिकोनी दिसेल. आत पांढरे भेंड भरलेले असेल.

दुसरी खूण पेरांची. उसाच्या कांडीवर पेरे असतात ना? जोंधळ्याच्या ताटावरही असतात. हरळीच्या बारीक काडीवरसुद्धा गाठीसारखे पेर दिसते. लव्हाळ्याच्या दांड्यावर बोट खालपासून वर न्या. वाटेत पेर लागत नाही. दांडा बुडापासून तुऱ्यापर्यंत सलग असतो.

तिसरी खूण पानांची. गवताची पाने दोन ओळींत येतात. एक उजवीकडे, एक डावीकडे. मक्याचे ताट आठवा, म्हणजे समजेल. लव्हाळ्याची पाने तीन ओळींत येतात. रोपाकडे वरून सरळ खाली पाहा. पाने तीन बाजूंना गेलेली दिसतील. आता पानाचे बूड पाहा. ते दांड्याला वेढून असते. गवतात हा वेढा एका बाजूने उघडा असतो. अंगरख्याच्या एका कडेवर दुसरी कड यावी, तसा. लव्हाळ्यात तो बंद असतो, नळीसारखा. फाडल्याशिवाय तो उघडत नाही.

चौथी खूण तुऱ्याची. मोथ्याच्या दांड्याच्या टोकाला दोन-चार हिरवी पाने पसरलेली असतात. उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी. त्या पानांच्या मधून बारीक काड्या निघतात. काड्यांच्या टोकाला तांबूस तपकिरी, चपटी, टोकदार फुले असतात. फुले कसली, बारीक कणसेच ती. गवताच्या कणसाखाली अशी पसरलेली पाने नसतात.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या कुळातल्या काही जातींचा दांडा गोल असतो. पाण्यातच उभ्या राहणाऱ्या काही जाती तशा आहेत. म्हणून एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन खुणा जुळल्या, तरच म्हणा, "हा लव्हाळ्याच्या कुळातला."

काठावर फसवणारेही काही आहेत. पाणकणीस लांबून लव्हाळ्यासारखे दिसते. पण त्याचे कणीस जाड, तपकिरी, मखमली असते. दांडा गोल असतो. ते ना गवत, ना लव्हाळा. त्याचे कूळ तिसरेच. वाळाही ओढ्याकाठी येतो. त्याच्या मुळांना सुगंध असतो. मोथ्याच्या गाठींनाही सुगंध असतो. मग फरक काय? वाळ्याची मुळे म्हणजे नुसते धागे, दाढीसारखे. त्यांना गाठी नसतात. आणि वाळा हे गवत आहे.

रोप लहान असताना

तुम्ही म्हणाल, "हे सगळं तुरा आल्यावर. पण निंदणी तर त्याच्या आधी असते. तेव्हा दांडा कुठून आणायचा?"

प्रश्न बरोबर आहे. खरी गरज तेव्हाच असते. भाताच्या लावणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना फार मोलाचा. त्या दिवसांत तणाने खत खाल्ले, तर ते पिकाला परत मिळत नाही.

लहान रोपाचेही बूड बोटांत धरून फिरवता येते. भाताचे बूड गोलसर किंवा थोडे चपटे लागते. लव्हाळ्याच्या बुडाला तीन कडा लागतात. दुसरे असे करा. भाताचे एक पान हळूच बाहेर वाकवा. पान जिथे दांड्याला चिकटते तिथे बारीक पांढरी जीभ दिसते. कागदाच्या पापुद्र्यासारखी. लव्हाळ्याला अशी उठून दिसणारी जीभ नसते. त्याचे पान बहुधा जास्त चकचकीत असते आणि मधोमध पन्हाळीसारखे दुमडलेले असते.

एकदा हात बसला, की हे सगळे डोळ्यांना आपोआप दिसू लागते. निंदणीला बसलेल्या जुन्या बाया पानाच्या चमकीवरूनच लव्हाळा ओळखतात. त्यांना विचारा. त्या दाखवतील.

जमिनीखाली काय आहे?

वरची ओळख झाली. आता खालची. ती जास्त महत्त्वाची.

खुरप्याने सभोवतालची माती सैल करा आणि लव्हाळा मुळासकट हळूच उचला. ओढू नका. ओढलात, तर वरचे पान हातात येईल आणि खरा माल खालीच राहील.

काही लव्हाळ्यांच्या बुडाशी नुसते केसांसारखे मुळांचे झुपके निघतात. भातखाचरात येणारे पुष्कळ लव्हाळे असेच असतात. त्यांना आपण बिनगाठीचे म्हणू. ते दरवर्षी बियांपासून उगवतात. एकेका रोपाला पुष्कळ बारीक बी धरते आणि ते खाचरात पडते. असा लव्हाळा उपटला, की मेला. फक्त तो बी धरण्याआधी उपटला पाहिजे. बी पडल्यावर उपटणे म्हणजे चोर गेल्यावर कवाड लावणे.

मोथ्याचे तसे नाही. त्याच्या बुडाखाली दोऱ्यासारखे धागे निघतात. त्या धाग्यांवर काळपट तपकिरी गाठी असतात. बोराच्या बीएवढ्या, कधी थोड्या मोठ्या. एका धाग्यावर एकामागून एक, माळेत मणी ओवावे तशा. गाठ फोडून हुंगा. सुगंध येईल. हाच बाजारात मिळणारा नागरमोथा.

प्रत्येक गाठीवर बारीक डोळे असतात. बटाट्यावर असतात तसे. प्रत्येक डोळ्यात एक नवा लव्हाळा झोपलेला असतो. माळ अखंड असते तोवर पुढच्या गाठीचा कोंब वर येतो. मागच्या गाठी बहुधा झोपून राहतात. आता तुम्ही एकदा कुळव फिरवला. माळ तुटली. दहा गाठी दहा ठिकाणी झाल्या. मग झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. जिथे एक लव्हाळा होता तिथे दहा उगवतात.

म्हणूनच शेतात असे बोलणे ऐकू येते.

"आत्याबाई, परवाच तर हा तुकडा खुरपला. आज बघा, पुन्हा हिरवागार!"

"अगं, तू शेंडा काढलास. गाठ ठेवलीस. शेंडा काढून लव्हाळा मरतो होय?"

"मग खुरपायचंच नाही का?"

"खुरपायचं. पण त्याला पुन्हा गाठ धरू द्यायची नाही. तो वर आला, की पुन्हा खुरपायचं."

या म्हाताऱ्या बाईंचे म्हणणे शास्त्रालाही पटणारे आहे. ते कसे, पाहा. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत मोथा खाली नव्या गाठी धरू लागतो. कोंब वर काढायला तो जुन्या गाठीतला साठा खर्च करतो. पाने मोठी झाली, की नवा साठा जमवतो. आपण तीन आठवडे उलटण्याआधी शेंडा काढला, तर जुना साठा गेला आणि नवा जमला नाही. असे लागोपाठ तीन-चार वेळा झाले, की गाठ रिकामी होत जाते. पण एकदा खुरपून दोन महिने विसरलात, तर उलटे होते. पोषक हवा-पाणी मिळाले, तर एका गाठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या घरात गाठी होऊ शकतात. म्हणजे अर्धी मेहनत ही फुकट मेहनत नव्हे, ती तोट्याची मेहनत आहे.

मोथ्याचे बी मात्र फारसे रुजत नाही. तो वाढतो गाठींवर. म्हणून त्याच्याशी सामना जमिनीखाली आहे, वर नाही.

पूर आला तरी का टिकतो?

आता काठावरच्या लव्हाळ्याकडे परत या. मोठी झाडे पडतात आणि हा का उरतो?

एक तर त्याची पाने अरुंद आणि गुळगुळीत. पाण्याला धरायला जागाच मिळत नाही. दांडा लवचिक. पाणी जोराने आले, की तो आडवा होतो. पाणी वरून निघून जाते. पाणी ओसरले, की तो उठतो. झाडाचे तसे नाही. झाड उभेच राहते. मग पाण्याचा सगळा धक्का त्याच्या बुंध्यावर बसतो आणि बुडाखालची माती वाहून जाते.

दुसरे म्हणजे ओलीत वाढणाऱ्या लव्हाळ्यांच्या अंगात हवेच्या बारीक वाटा असतात. मुळे चिखलात बुडाली, तरी त्या वाटांनी वरची हवा खाली पोचते. ज्या मुळांना अशी सोय नाही ती साचलेल्या पाण्यात कुजतात. तूर पाण्यात चार दिवस उभी राहिली, की पिवळी पडते. लव्हाळा पडत नाही, याचे एक कारण हे.

तिसरे कारण पुन्हा गाठी आणि धागे. वरचा सगळा पाला गाळाखाली गाडला गेला, तरी खालच्या गाठीत साठा शिल्लक असतो. त्या साठ्यावर नवा कोंब गाळ फोडून वर येतो.

आणि हे धागे आणखी एक मोठे काम करतात. ते काठाची माती जाळ्यासारखी धरून ठेवतात. वरून आलेला गाळ पानांत अडकतो. काठ धुपायचा थांबतो. म्हणून नदीच्या किंवा ओढ्याच्या कडेचा लव्हाळा हा आपला राखणदार आहे. त्यात बेडूक राहतात, मासळीची पिल्ले लपतात, पाणपक्षी आसरा घेतात. "काठ साफ करू" म्हणून तो खणून काढला, तर पुढच्या पुरात काठच साफ होईल. काठ गेला, की काठावरचा बांध जातो. बांध गेला, की वावर जाते.

तेव्हा नियम सोपा आहे. काठावर लव्हाळा ठेवा. पिकात लव्हाळा ठेवू नका.

काठावरचा लव्हाळा वावरात कसा येतो?

तो स्वतः चालत येत नाही. त्याला आपणच आणतो. कसे, ते पाहा.

उन्हाळ्यात तळी आटतात. गावचे लोक तळ्यातला गाळ काढून शेतात टाकतात. गाळ चांगला. हलक्या जमिनीला तो वरदान आहे. महाराष्ट्रात २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजनाच काढली. धरणे-तलाव मोकळे व्हावेत आणि शेतांना गाळ मिळावा, असा तिचा हेतू. पण गाळ भरण्याआधी तो कुठला आहे ते पाहा. तळ्याच्या कडेला मोथा असेल, तर कडेच्या गाळात त्याच्या गाठी असणार. एक ट्रॉली गाळाबरोबर हजारो गाठी वावरात येतील. म्हणून गाळ टाकण्याआधी काठावर फिरा. दांडा बोटांत फिरवून पाहा. बूड खणून पाहा. गाठीचा लव्हाळा दिसला, तर ती कड सोडा. गाळ आतल्या भागातून घ्या. तो मुठीत फोडून पाहा आणि मगच भरा. अर्ध्या तासाची ही पाहणी पुढची दहा वर्षांची निंदणी वाचवील.

धरणाच्या काठच्या शेतकऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. उन्हाळ्याकडे धरणाचे पाणी खाली जाते. काठची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ही जमीन थोड्या महिन्यांसाठी कसायला देतात. तिथेही ओल हटताच लव्हाळा डोके वर काढतो. कोणता तुकडा घ्यावा हे ठरवताना आधी लव्हाळा पाहा. बिनगाठीचा असेल, तर काळजी थोडी. गाठीचा दाट असेल, तर निंदणीचा खर्च आधीच हिशेबात धरा. आणि पाण्यालगतची पट्टी न नांगरता तशीच राहू द्या. नाहीतर मोकळी झालेली माती पहिल्याच पावसात धरणात जाईल.

नांगर, कुळव, फावडे यांना चिकटलेल्या मातीतूनही गाठी जातात. लव्हाळ्याच्या वावरातून दुसऱ्या वावरात अवजार नेताना ते झाडा, धुवा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला, तर त्याचा फाळही पाहा. यात राग मानण्यासारखे काही नाही.

वावरातला मोथा कसा काढावा?

उन्हाळा हा आपला सोबती. पीक निघाले, की जमीन खोल नांगरा. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. काही हातभर खोलही जातात. नांगरटीने त्या वर येतील. त्या वेचा. उरलेल्या कडक उन्हात आठ-पंधरा दिवस वाळू द्या. गाठ आतून सुकली, की मेली. पण ढेकळाखाली ओल असेल, तर तिथली गाठ जगते. म्हणून आठ दिवसांनी ढेकळे फोडून माती पुन्हा उलटा. या काळात पाणी देऊ नका.

वेचलेल्या गाठी उकिरड्यात टाकू नका. उकिरड्यातून त्या खताबरोबर पुन्हा वावरात येतील. त्या चांगल्या वाळवा आणि मग जाळा.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. म्हणून जमीन झाकून टाकणारे दाट पीक घ्या. ताग किंवा चवळी लवकर वाढते आणि खाली सावली धरते. सावलीतला मोथा रोड होतो आणि गाठी कमी धरतो. भाताच्या खाचरात चिखलणी चांगली करून पाणी सारखे ठेवले, तर बऱ्याच गाठींना कोंब काढता येत नाही.

आता औषधाविषयी. दुकानात तणाचे औषध मिळते. पण सगळी औषधे सगळ्या तणांना लागू पडत नाहीत. काही औषधे फक्त गवताला मारतात. ती लव्हाळ्यावर मारलीत, तर शेजारचे गवत मरेल आणि लव्हाळ्याला मोकळे रान मिळेल. पैसे गेले ते गेलेच. काही औषधे उसात चालतात, पण दुसऱ्या पिकाला जाळतात. म्हणून दुकानात जाण्याआधी लव्हाळा मुळासकट उपटून कृषी खात्याच्या माणसाकडे न्या. "या तणाला, माझ्या या पिकात, कोणतं औषध चालेल?" असे विचारा. डब्यावरचा कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. त्यावर पिकाचे नाव आहे का, किती पाण्यात किती औषध घालायचे, हे पाहा आणि मगच पैसे द्या.

लव्हाळ्याचे गुण

लव्हाळा फक्त त्रास देतो असे नाही. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथ्याची पूड असते. आयुर्वेदात त्याला मुस्ता म्हणतात. ताप, अतिसार अशा दुखण्यांवर वैद्य तो देतात. मात्र कोणता आणि किती घ्यायचा, हे वैद्यालाच विचारावे. काठावरची कोणतीही गाठ उकरून तोंडात घालू नये.

तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात पत्तमडै नावाचे गाव आहे. तिथल्या चटया नावाजलेल्या आहेत. त्या 'कोरै' नावाच्या वनस्पतीच्या विणतात. कोरै म्हणजे लव्हाळ्याचीच एक जात. ती नदीकाठच्या ओलीत वाढते. तिचे दांडे चिरून, वाळवून, भिजवून, रंगवून इतक्या बारीक काड्या करतात, की चटई कापडासारखी मऊ होते.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटी सांगतो. आफ्रिका खंडात नाईल नावाची नदी आहे. ती इजिप्त देशातून वाहते. जुन्या काळी तिला दरवर्षी पूर येई. तिच्या काठच्या दलदलीत लव्हाळ्याची एक थोरली जात वाढे. दोन पुरुष उंच, दांडा मनगटाएवढा, आणि तोही तिकोनी! तिचे नाव पपायरस. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्या दांड्याची साल काढली. आतल्या भेंडाच्या पातळ पट्ट्या कापल्या. एका थरावर दुसरा आडवा थर ठेवला. दाबून, वाळवून, घासून गुळगुळीत केला. त्यावर ते लिहू लागले. आजच्यासारखा कागद निघण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कागदाला इंग्रजीत 'पेपर' म्हणतात. तो शब्द याच पपायरसवरून आला.

तेव्हा नदीकाठी पाणी भरायला, गुरे धुवायला जाल, तेव्हा लव्हाळ्याचा एक दांडा तोडा. बोटांत फिरवा. तीन कडा मोजा. घरी आणून मुलांना दाखवा आणि त्याचे नाव पाटीवर लिहा. मग पुढच्या निंदणीत खुरपे कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे तुम्ही आपणच ठरवाल.

आठवून सांगा

१. लव्हाळ्याचा दांडा आणि गवताचा दांडा यांत काय फरक आहे?
२. पानांवरून लव्हाळा कसा ओळखावा?
३. गाठीचा लव्हाळा एकदाच खुरपला, तर काय होते? लागोपाठ खुरपला, तर काय होते?
४. तळ्याचा गाळ शेतात टाकण्याआधी काय पाहावे?
५. नदीकाठचा लव्हाळा का ठेवावा?
६. तुमच्या गावात लव्हाळा कुठे कुठे आहे? तो गाठीचा की बिनगाठीचा? पाहून या आणि सर्वांना सांगा.